उधाणाची तिथी आणि नदीकाठचे गाव

(हळर्ण येथे महाजन मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



देवस्थानच्या कारभारात पंचांगाचे स्थान फार मोठे आहे. पालखी कोणत्या तिथीला निघावी, जत्रेचा दिवस कोणता, पर्वणी कधी आहे, ह्या साऱ्यांचा निर्णय पंचांग पाहूनच होतो. ह्याच पंचांगाचा आणखी एक उपयोग आपल्या किनारपट्टीवरील तांडेलांना, मिठागरवाल्यांना आणि खाजन कसणाऱ्या शेतकऱ्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होता. चंद्राच्या कलांबरोबर समुद्राचे पाणी चढते आणि उतरते. म्हणून तिथी कळली की पाण्याची चालही कळते. देवकार्यासाठी तिथी पाहण्याची सवय आपल्या घरांतून टिकली. पाण्यासाठी तिथी पाहण्याची सवय मात्र दोन-तीन पिढ्यांत मोडली. ती मोडल्यामुळे कोणता धोका ओढवतो आणि ती पुन्हा लावून घेता येईल काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हळर्ण हे काही समुद्रकाठचे गाव नव्हे, तेव्हा भरती-ओहोटीशी त्याचा संबंध काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर नदीपाशी सापडते. सह्याद्रीतून येणारी तिळारी नदी दोडामार्ग तालुक्यातून गोव्यात उतरते. डिचोली तालुक्यातील साळ आणि पेडणे तालुक्यातील इब्रामपूर, चांदेल, हळर्ण ह्या गावांच्या कडेने वाहत ती कोलवाळ आणि शिवोलीवरून पुढे जाते आणि शापोऱ्याच्या किल्ल्यापाशी अरबी समुद्राला मिळते. वाटेत तिची नावे बदलतात. पाणी एकच राहते. हळर्णचा किल्ला उभा राहिला तोही ह्याच नदीच्या काठी, कारण त्या काळी नदी हाच रस्ता होता. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला आणि तो जिंकणाऱ्या व्हिसेरेईला पुढे ह्याच गावावरून ‘मार्केझ द आलोर्न’ हा किताब मिळाला. पेडणे महाल पोर्तुगीज अमलाखाली कायमचा गेला तो १७८८ साली. राज्ये आली आणि गेली. नदीचा स्वभाव मात्र तोच आहे: एका टोकाला तिला घाटाचे पाणी मिळते आणि दुसऱ्या टोकाने समुद्र आत शिरतो.

प्रथम भरती-ओहोटीचा नेहमीचा क्रम ध्यानात घेऊ. चंद्र आणि सूर्य ह्यांच्या आकर्षणामुळे गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तासांचे अंतर असते. म्हणून भरतीची वेळ रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा कोकणपट्टीत प्रसिद्ध आहे. तो स्थूल आहे आणि स्थानपरत्वे त्यात तासाभराचा फरक पडतो. पण त्यामागचे निरीक्षण खरे आहे. अमावास्या आणि पौर्णिमा ह्या तिथींना चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढ लावतात, तेव्हा पाणी सर्वाधिक चढते आणि सर्वाधिक उतरते. ते उधाण होय. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात पडते आणि पाण्याची हालचाल मंदावते. तो भांग होय. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणात पाण्याचा चढ-उतार साधारण दोन मीटर आणि भांगाच्या वेळी साधारण एक मीटर असतो. उधाणाचा जोर तिथी उलटल्यानंतर एक-दोन दिवस टिकतो. किंबहुना पुष्कळदा तो तिथीच्या दुसऱ्या दिवशीच अधिक जाणवतो.

हा झाला नियम. धोका उत्पन्न होतो तो नियमित उधाणाला दुसरे एखादे कारण येऊन मिळते तेव्हा. अशी कारणे मुख्यतः चार आहेत. पहिले कारण, चंद्राचे सान्निध्य. पृथ्वीपासून चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे. तो जवळच्या बिंदूपाशी असताना पौर्णिमा किंवा अमावास्या आली की उधाण नेहमीपेक्षा मोठे होते. दुसरे कारण, समुद्रावरील वादळ. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटरने वर येते आणि वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो ते वेगळेच. तिसरे कारण, दूरच्या समुद्रात उठलेल्या लाटा. शेकडो, क्वचित हजारो किलोमीटर प्रवास करून त्या निरभ्र आकाशाखाली किनाऱ्यावर येऊन आदळतात. केरळातील कोळी ह्या प्रकाराला ‘कल्लकडल’ म्हणतात. त्या शब्दाचा भाव असा की समुद्र चोरपावलांनी येतो. चौथे कारण नदीकाठच्या गावांना सर्वांत जवळचे आहे. ते म्हणजे पुराचे पाणी आणि भरती ह्यांची गाठ.

ह्या कारणांची साक्ष अलीकडच्या तीन घटनांत मिळते आणि तिन्ही घटनांना पंचांगाची ओळखीची तिथी आहे.

३ डिसेंबर २०१७ रोजी दत्तजयंती होती. त्या सुमारास ‘ओखी’ नावाचे चक्रीवादळ अरबी समुद्रात होते. केरळ आणि तामिळनाडूच्या शेकडो मच्छीमारांचा बळी घेऊन ते उत्तरेकडे सरकत होते. गोव्याच्या भूमीवर ते आले नाही. तथापि मार्गशीर्ष पौर्णिमेचा तो चंद्र पृथ्वीपासून सुमारे ३,५७,५०० किलोमीटरवर, म्हणजे फार जवळ होता. वादळाच्या लाटा आणि मोठे उधाण एकत्र आले आणि पेडणे तालुक्यात केरी, हरमल, मांद्रे, मोरजी येथे समुद्र वाळूचा पट्टा ओलांडून झोपड्या-उपाहारगृहांत शिरला. आकाश पाहून निर्धास्त राहिलेल्यांना पाण्याने गाठले.

दुसरी घटना ऑगस्ट २०१९ मधील. नागपंचमी होऊन तीन-चार दिवस झाले होते. घाटात अतिवृष्टी झाली, तिळारी धरणातून पाण्याचा मोठा विसर्ग झाला आणि साळ, इब्रामपूर, हळर्ण ह्या परिसरात नदीने पात्र सोडले. डिचोली, पेडणे आणि बार्देश तालुक्यांतील काठच्या वस्तीची धावपळ झाली. ह्या घटनेतील एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. तो पूर श्रावण शुद्ध अष्टमीच्या आसपास आला. म्हणजे समुद्राला तेव्हा भांग होता. नदीचे तोंड तुलनेने मोकळे होते. समुद्र मंद असतानाही जर एवढे पाणी काठावर चढले, तर तेवढीच आवक पौर्णिमेच्या भरतीला झाल्यास काय होईल, हा प्रश्न त्या पुराने मागे ठेवला आहे.

तिसऱ्या घटनेने त्या प्रश्नाची चुणूक दाखविली. २३ जुलै २०२१ रोजी, गुरुपौर्णिमेच्या सुमारास, गोव्यात महापूर आला. सत्तरी, डिचोली, पेडणे, बार्देश, फोंडा, धारबांदोडा ह्या तालुक्यांत घरांची आणि शेतीची मोठी हानी झाली. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे मुख्यमंत्र्यांनी सांगितले. त्याच्या आदल्याच दिवशी रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठी नदीने चिपळूण शहर बुडविले होते. तेथेही अतिवृष्टी आणि उधाणाची भरती ह्यांची गाठ पडली होती. ह्याहून जुने उदाहरण मुंबईचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि दुपारी पावणेतीनच्या सुमारास ४.४८ मीटरची भरती आली. पावसाचे पाणी समुद्रात जायचे, तेव्हा समुद्रच दाराशी उभा होता.

भरतीचे खारे पाणी गावाच्या पायरीला न लागताही तिचा परिणाम कसा पोहोचतो, हे ह्यावरून उमगेल. नदीच्या खालच्या पात्राला उतार थोडा असतो. तेथे भरती चढू लागली की वरून येणारे पाणी अडते, तुंबते आणि तो फुगवटा मागे मागे सरकतो. ओहोटी लागली की वाट मोकळी होते. म्हणून पुराच्या दिवशी दोन वेळा माहीत असाव्या लागतात: धरणाचे पाणी कधी सुटणार आणि पूर्ण भरती कधी आहे. ह्यांपैकी एकच ठाऊक असणे म्हणजे अर्धीच बातमी हाती असणे होय.

ह्या ज्ञानावर आपल्या भूमीत एक संपूर्ण व्यवस्था उभी होती. ती म्हणजे खाजन. भरतीच्या पातळीखाली असलेली ही जमीन बांध घालून समुद्राकडून मिळविलेली आहे. गोव्यात तिचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर मानले जाते. बाहेरचा बांध चिखल-मातीचा, लाटेच्या बाजूस जांभ्या दगडाने मढविलेला. त्यात मानशीचे लाकडी दरवाजे. भरतीच्या दाबाने ते आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतील पाण्याच्या दाबाने उघडतात. यंत्र नाही, इंधन नाही; केवळ चंद्राच्या चालीवर चालणारी ही रचना. आत कोरगूटासारखे खारे सोसणारे भात, मानशीपाशी मासळी आणि उन्हाळ्यात आगरवाड्यासारख्या ठिकाणी मीठ. बांधाबाहेर खारफुटीची झाडी लाटेचा पहिला मार झेली.

पण ही रचना आपोआप टिकत नव्हती. खेकडा बांधाला भोक पाडतो. ते भोक दिसायला बोटाएवढे, पण उधाणाच्या रात्री तेच खिंडार होते. म्हणून बांधाची फेरी, चिखलाची डागडुजी, मानशीच्या फळ्यांची बदली ही कामे गावकरी म्हणजे समुदायाच्या माथी नियमाने लावलेली होती. कूळकायद्यानंतर ही जबाबदारी कुळांच्या संघाकडे गेली. पुढे पुष्कळ ठिकाणी शेती पडीक राहिली, बांधाकडे कोणी पाहीनासे झाले आणि मासळीच्या मोहाने दरवाजे अवेळी उघडण्याचेही प्रकार घडले. एका घराचा निष्काळजीपणा सबंध वाड्याला भोवतो, हे पूर्वजांनी ओळखले होते. म्हणूनच बांध कोणा एकाचा नसून सर्वांचा, हा त्यांचा दंडक होता.

हा दंडक केवळ आपलाच नाही. हॉलंड देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. तेथेही बांधांची राखण करणारी लोकांची मंडळे तेराव्या शतकापासून आहेत आणि आजही ती अधिकृत संस्था म्हणून काम करतात. तरीही ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उधाण आणि वादळ एकत्र आले, बांध फुटले आणि त्या देशात १,८३६ माणसे मृत्यू पावली. युद्धकाळात आणि त्यानंतर बांधांकडे पुरेसे लक्ष पुरविले गेले नव्हते. त्या रात्रीनंतर त्या राष्ट्राने अनेक दशके खपून समुद्राला अडविणारी प्रचंड कामे पुरी केली. एवढ्या सावध लोकांनाही जी शिकवण एवढ्या किमतीला मिळाली, ती आपण फुकट घेऊ शकतो.

आणि ती घेण्याची निकड वाढत आहे. भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी १८७४ ते २००४ ह्या काळात दरसाल १.०६ ते १.७५ मिलिमीटरने वाढली. १९९३ ते २०१७ ह्या काळात हा वेग दरसाल ३.३ मिलिमीटर झाला. आकडा लहान वाटतो, पण पंचवीस वर्षांत तो आठ सेंटिमीटरच्या घरात जातो. बांधाचा माथा आहे तेथेच असतो आणि समुद्र आठ सेंटिमीटर वर आलेला असतो. पूर्वी जे उधाण बांधाच्या ओठापाशी थबकत असे, ते उद्या ओठावरून आत येईल.

आता कर्तव्याचा विचार करू. महाजन घराण्यांची स्थिती एका दृष्टीने विशेष आहे. पुष्कळ कुटुंबे पणजी, मुंबई, बेळगाव येथे स्थायिक झाली आहेत. गावच्या घरात वृद्ध आई-वडील किंवा कुलुपबंद दार असते आणि उत्सवाला मंडळी जमते ती नदीचा स्वभाव न पाहिलेल्या मुलांना घेऊन. आणि आपले उत्सव तर तिथीचेच. पेडण्याची पुनव कोजागरीला भरते. नारळी पौर्णिमा ऐन पावसाळी उधाणात येते. अनंत चतुर्दशीचे विसर्जन पौर्णिमेच्या उंबरठ्यावर होते. ज्या दिवशी माणूस पाण्याजवळ जातो, नेमका त्याच दिवशी पाणीही माणसाजवळ येते. म्हणून विसर्जनाची आणि स्नानाची वेळ ठरविताना मुहूर्ताच्या शेजारी भरतीची वेळ लिहून ठेवावी. भारतीय सर्वेक्षण खाते दरवर्षी भरतीची कोष्टके प्रसिद्ध करते. त्यांतील मुरगाव बंदराच्या वेळा गोव्याला लागू पडतात. नदीत आत भरती काही अवधीने उशिरा पोहोचते, हे ध्यानी धरावे. मोठ्या लाटांचा इशारा हैदराबाद येथील राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देते आणि पावसाचा इशारा हवामान खाते देते. हे इशारे आले असता किनाऱ्यावर लाल बावटा असो वा नसो, लाटेच्या कक्षेत जाऊ नये.

आषाढ-श्रावणात घाटात पाऊस लागला असेल आणि तिथी उधाणाची असेल, तर नदीकाठच्या घरात सायंकाळीच तयारी व्हावी. रात्री पाणी चढले म्हणजे वाट दिसत नाही. कागदपत्रे, औषधे, विजेरी आणि पिण्याचे पाणी माळ्यावर ठेवावे. गुरांची दावी सोडावी. वृद्धांना आणि बाळंतिणींना उजेड असतानाच उंचावरील घरी न्यावे. पाणी अंगणात येण्यापूर्वी विजेचा मुख्य खटका बंद करावा. वाहत्या पाण्यात उतरू नये. घोट्याच्या थोडे वर, म्हणजे पंधरा सेंटिमीटर पाणीसुद्धा धावते असेल तर धडधाकट माणसाचे पाय उचलते. साठ सेंटिमीटर पाणी मोटारगाडी तरंगवून नेते. पुलावरून पाणी जात असता पलीकडे जाण्याचे कितीही मोठे कारण असले, तरी ते थांबण्याच्या कारणाहून मोठे नसते. संकटसमयी ११२ हा क्रमांक आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक घरातील प्रत्येकास पाठ असावा.

पाणी ओसरल्यावर संकट संपत नाही. विहिरीचे पाणी आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने शुद्ध करून घेतल्याशिवाय पिऊ नये. चिखलात अनवाणी वावरू नये. लेप्टोस्पायरोसिसचा ताप अशाच पाण्यातून येतो. तो आल्यास घरगुती उपायांत दिवस न दवडता वैद्यकीय उपचार घ्यावेत. अडगळीत आणि भांड्यांच्या उतरंडीत साप आसरा घेतात, म्हणून काठीने ठोकल्यावाचून हात घालू नये.

देवस्थानचेही काही कर्तव्य आहे. १९३३ च्या नियमनाखाली चालणाऱ्या आपल्या संस्थांकडे महाजनांची नोंदवही, जमाखर्चाच्या वह्या, जमिनींचे दस्तऐवज असतात. ते एकदा भिजले की पुन्हा लिहिता येत नाहीत. त्यांची जागा उंचावर असावी आणि प्रत दुसऱ्या गावी असावी. नदीकाठच्या वाड्यांत कोणते घर वृद्धांचे, कोणते कुलुपबंद, किल्ली कोणापाशी, ह्याची यादी पावसाळ्यापूर्वी व्हावी. धरणातून पाणी सोडण्याची सूचना मामलेदार कचेरीकडून आली, की ती वाड्यावाड्यांत पोहोचविणारे चार तरुण नेमलेले असावेत. मामलेदार हेच देवस्थानांचे प्रशासक असल्याने हा संपर्क नवा जोडण्याची गरज नाही. रात्री-अपरात्री दूरध्वनी बंद पडला, तरी देवळाची घंटा बंद पडत नाही. कोणता नाद धोक्याचा, हे एकदा ठरवून गावाला सांगून ठेवले, तर ती घंटा शंभर घरे जागी करील.

ह्यांतील एकाही कामाला मोठे द्रव्य लागत नाही. लागते ते सातत्य. आणि सातत्य हाच महाजन संस्थेचा गुण आहे. पिढ्यामागून पिढ्या त्याच तिथीला तीच सेवा न चुकता करणाऱ्या घराण्यांना वर्षातील चार महिने नदीवर लक्ष ठेवणे जड जाऊ नये. तिथी देवाची आहे तशीच ती पाण्याचीही आहे. यापुढे नव्या वर्षाचे पंचांग देवळात येईल, तेव्हा उत्सवांच्या तिथींखाली जशी रेघ मारली जाते, तशीच पावसाळ्यातील अमावास्या-पौर्णिमांखालीही मारली जावी आणि ते पान सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावले जावे.

श्री भगवती सर्व ग्रामस्थांचे, काठावरच्या घरांचे आणि दूरदेशी राहणाऱ्या कुटुंबांचे रक्षण करो. आणि त्या रक्षणात आपापला वाटा उचलण्याची बुद्धी सर्वांना देवो.